सव्वा मिलिमीटरचा डोळा

७५ मिलिमीटर उंचीची फिगर म्हणजे खऱ्या माणसाचा साधारण चोविसावा भाग. आपल्या डोळ्याची रुंदी तीन सेंटिमीटर धरली, तर त्या फिगरचा डोळा भरतो सव्वा मिलिमीटर. एवढ्या जागेत डोळ्याचा पांढरा भाग, बुबुळ, बाहुली, वरच्या पापणीची सावली, खालच्या पापणीची ओलसर गुलाबी कड आणि बुबुळावर चमकणारा उजेडाचा ठिपका, हे सगळं ब्रशने बसवायचं असतं. शिवाय दोन्ही डोळ्यांची नजर एका जागी मिळायला हवी. एक बुबुळ केसभर इकडेतिकडे झालं की तलवार उपसलेला वीर भांबावलेला दिसतो आणि कित्येक महिन्यांच्या मेहनतीवर पाणी पडतं.

एवढं करून ती फिगर डब्यात घालायची, परगावी न्यायची, अनोळखी परीक्षकांच्या टेबलावर मांडायची आणि चार पावलं मागे सरून उभं राहायचं. युरोप-अमेरिकेत हजारो माणसं दर वर्षी हे करतात. त्यांत शिक्षक असतात, ट्रकचालक असतात, निवृत्त सैनिक आणि दंतवैद्यही असतात. त्यांतले फार थोडे यावर पोट भरतात.

मी हे पाहिलं ते नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला. आइंडहोवन शहराला लागून असलेलं हे गाव. संगणकाच्या चिप ज्या यंत्रांवर छापल्या जातात ती यंत्रं बनवणारी एएसएमएल कंपनी इथलीच. त्यामुळे या भागात भारतीय इंजिनियर भरपूर आणि मराठी घरंही बरीच. ऑक्टोबरात इथे स्केल मॉडेल चॅलेंज हे प्रदर्शन भरतं. रणगाडे, विमानं, जहाजं यांच्या जोडीला रंगवलेल्या फिगर्सचा मोठा विभाग असतो आणि त्यासाठी स्पेन, इटली, फ्रान्स, पोलंडमधले नावाजलेले हात इथे येतात. माझ्या ओळखीतला एक मराठी तरुण त्यात आपलं काम मांडणार होता. नाव छापायचं नाही, या अटीवर त्याने मला सगळं दाखवलं. तो मूळचा पेण तालुक्यातल्या हमरापूरचा, म्हणजे गणपतीच्या कारखान्यांच्या गावचा.

त्याने घेतला होता १७९० च्या आसपासचा मराठा शिलेदार. घोड्यावरून उतरलेला, ढाल पाठीवर, एक हात तलवारीच्या मुठीवर. अशी फिगर बाजारात त्याला हवी तशी मिळाली नाही. म्हणून एका हिंदुस्थानी पायदळ सैनिकाचा रेझिनचा संच घेऊन त्याने डोकं आणि कमरेचा शेला बदलला. पगडी त्याने स्वतः घडवली. दोन भाग मळून घट्ट होणाऱ्या इपॉक्सी पुट्टीच्या बारीक वळ्या करायच्या, त्या एकमेकींवरून फिरवायच्या आणि ओल्या टोचणीने दाबत वळणं काढायची. पुट्टी घट्ट व्हायला लागली की हात थांबवावा लागतो. मग दुसऱ्या रात्री पुढची वळी.

पगडीसाठी त्याने जेवढं वाचलं आणि पाहिलं, तेवढं आपल्याकडच्या कितीतरी नाटकांचे वेशभूषाकार पाहत नसतील. इंग्रजांशी १७९० चा तह पेशव्यांच्या दरबारात होत असल्याचं टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये रंगवलेलं मोठं चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. डॅनियलने ते पुण्यात राहून गेलेल्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलं. वेल्सने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना समोर बसवून रंगवलं होतं. त्याच्या हाताखाली पुण्याचा गंगाराम तांबट काम करत असे आणि तांबटाची स्वतःची रेखाटनंही मागे राहिली आहेत. या चित्रांतल्या दरबारी मंडळींची पागोटी आमच्या तरुणाने एकेक मोठी करून पाहिली होती. कुठली वळणं कानावर येतात, कुठली मागे उतरतात, कुणाचा अंगरखा कुठे बांधला आहे, याची टिपणं एका वहीत होती. ऐतिहासिक फिगरच्या वर्गात परीक्षक हे बघतातच. पण त्याचं कारण वेगळं होतं. “ताई, इथल्या लोकांना नेपोलियनच्या प्रत्येक पलटणीची बटणं माहीत आहेत. आपल्या माणसाची पगडी चुकली, तर ती चूक ओळखणारा त्या सभागृहात मी एकटाच असणार. म्हणून तर ती चुकता कामा नये.”

फिगरवर रंगाचा पहिला थेंब पडायच्या आधीच निम्मी स्पर्धा होऊन गेलेली असते, असं हे लोक मानतात. साच्यातून निघालेल्या फिगरवर, दोन साचे जिथे जुळतात तिथे, एक बारीक उंच रेघ राहते. ती पात्याने खरवडून काढावी लागते. रेझिनला साच्याचं तेलकट द्रव्य चिकटलेलं असतं, ते साबणाच्या पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर रंग पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. सांध्यातल्या फटी भरायच्या, घासायच्या, मग राखाडी प्रायमर मारायचा आणि त्या एकसारख्या राखाडी रंगात जे डाग, ओरखडे दिसतील ते पुन्हा दुरुस्त करायचे. सुंदर रंगवलेल्या गालावरून साच्याची रेघ गेलेली दिसली की परीक्षक बाकीचं काही पाहायच्या मनःस्थितीत राहत नाही.

त्यानंतर येतो उजेडाचा प्रश्न. सगळ्या कलेचं मर्म मला इथे सापडलं. वीतभरही नसलेल्या पुतळ्यावर खोलीतला उजेड पडतो तेव्हा हनुवटीखाली, काखेत, वस्त्राच्या चुणीत पुरेशी सावली पडत नाही. वस्तू इतकी लहान असते की ती सपाट दिसते. म्हणून रंगवणारा उजेड आणि सावली दोन्ही रंगानेच घालतो आणि निसर्गात असतात त्याहून जास्त ठळक घालतो. त्यासाठी राखाडी थरावर काळा प्रायमर देतात. त्यावर डोक्याच्या बाजूने पांढऱ्या रंगाचा हलका फवारा मारला, की जिथे ऊन पडेल ते भाग उजळतात आणि बाकीचे काळे राहतात. हा झाला उजेडाचा नकाशा. पुढचे महिनाभराचे थर त्याच नकाशावर चढतात.

थर किती पातळ? दुधाच्या सायीखालचं पाणीदार दूध असतं तेवढे. पॅलेट ओलं ठेवतात: डबीत भिजवलेला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, त्यावर ॲक्रिलिक रंग. म्हणजे तासन्‌तास रंग सुकत नाही. दोन छटांमधली पायरी डोळ्यांना दिसू नये म्हणून मधल्या छटा एकावर एक अशा पातळ देत जायच्या, की खालची वरून झिरपलेली दिसेल. शिलेदाराचा अंगरखा पांढरा होता आणि पांढरा रंग सगळ्यात अवघड. नुसता पांढरा फासला तर खडूचा पुतळा होतो. त्याने सुरुवात केली ती उंटाच्या रंगाच्या राखाडीपासून. सावल्यांत किंचित निळसर जांभळा मिसळला, उन्हाच्या बाजूला हस्तिदंती छटा दिल्या, आणि निव्वळ पांढरा रंग ठेवला फक्त खांद्याच्या, कोपराच्या आणि दोन-चार चुण्यांच्या माथ्यावर. मलमल पातळ असते, खालची कातडी त्यातून जाणवते. म्हणून छातीवर आणि दंडावर, जिथे कापड अंगाला चिकटतं, तिथे त्याने पांढऱ्यात गव्हाळ रंगाचा पुसटसा हात फिरवला होता. मी फिगर उजेडात फिरवून पाहिली. त्या तेवढ्या जागेत कापडाच्या आत माणूस आहे असं वाटत होतं.

तलवारीचं पातं त्याने चांदीच्या रंगाने रंगवलं नव्हतं. काळसर निळ्यापासून राखाडी आणि शेवटी लख्ख पांढऱ्यापर्यंत जात त्याने पोलादाची चमकच चित्रासारखी काढली होती. या पद्धतीला ‘नॉन-मेटॅलिक मेटल’ म्हणतात आणि स्पर्धांच्या टेबलावर तिचा मोठा मान आहे. धोकाही तितकाच. खरी चमक बघणाऱ्याबरोबर सरकते, रंगवलेली चमक जागची हलत नाही. त्यामुळे फिगर कुठल्या बाजूने पाहिली जाणार हे आधी ठरवून मगच चमक कुठे पडेल ते ठरवावं लागतं.

ब्रशबद्दल ही मंडळी भक्तिभावाने बोलतात. सायबेरियन वीझल या मुंगसाएवढ्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा कोलिन्स्की सेबल ब्रश त्यांना लागतो. त्याचं पोट रंगाने भरतं आणि टोक तरीही सुईसारखं राहतं. विन्सर अँड न्यूटन या इंग्लिश कंपनीची ‘सिरीज सेव्हन’ ही मालिका १८६६ मध्ये राणी व्हिक्टोरियासाठी तयार झाली आणि राणीला सात नंबरचा ब्रश आवडायचा म्हणून मालिकेचं हे नाव. आपल्याकडे चित्रकार पूर्वी मुंगसाच्या केसांचे ब्रश वापरत. मुंगूस वन्यजीव कायद्याने संरक्षित असल्यामुळे त्याच्या केसांचे ब्रश बनवणं आणि विकणं हा गुन्हा आहे. तरीही छापे पडतात आणि माल सापडतो. ते ब्रश कुणीही घेऊ नयेत. चांगले कृत्रिम केसांचे ब्रश आता मिळतात, आणि नवशिक्याचा हात बसेपर्यंत ते पुष्कळ झाले.

डोळ्यांचा विषय निघाला तेव्हा त्या तरुणाचं बोलणं गावाकडे वळलं. हमरापूरला मूर्तीच्या डोळ्यांना ‘आखणी’ असा वेगळा शब्द आहे आणि त्या कामाला वेगळा मानही आहे. अंगाचा रंग, पितांबर, दागिने, सगळं झाल्यावर आखणी होते. ती करायला कारखान्यातला मुरलेला हातच लागतो. लहानपणी तो शेजारच्या कारखान्यात जाऊन बसायचा आणि एकामागून एक मूर्ती नजर उघडताना पाहायचा. “तिथे डोळे शेवटी. इथे मी डोळे सगळ्यात आधी करतो. रेघ इकडेतिकडे गेली तर भोवतीच्या कातडीच्या रंगाने ती मागे ढकलता येते. कातडी पूर्ण झाल्यावर ती सोय राहत नाही. पण श्वास रोखून धरायची सवय तिथलीच आहे.” बुबुळासाठी त्याने निव्वळ काळा वापरला नव्हता, गडद तपकिरी वापरला होता. डोळ्याचा पांढराही पांढरा नव्हता, मळकट गुलाबी होता. निव्वळ पांढऱ्यावर निव्वळ काळा ठेवला की चेहरा दचकलेला दिसतो.

या छंदाची वंशावळ लांबलचक आहे आणि तिच्यात खेळ आणि अभ्यास नेहमी हातात हात घालून चालले. जर्मनीत नुरेम्बर्गला अठराव्या शतकापासून कथलाचे चपटे सैनिक ओतले जात. कुल्मबाखच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यात त्यांचं मोठं संग्रहालय आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने १८९३ मध्ये आतून पोकळ शिशाचे ५४ मिलिमीटरचे सैनिक काढले आणि ते घराघरांत गेले. लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये अशा सैनिकांनी लुटुपुटूची लढाई खेळायचे नियम पुस्तकरूपाने छापले. ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटी १९३५ ची. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आलं आणि सैनिकांच्या रांगेत राक्षस, बुटके आणि मांत्रिक येऊन उभे राहिले. तिथून हा छंद झपाट्याने वाढला.

या दुसऱ्या, राक्षस-मांत्रिकांच्या शाखेतली सगळ्यात मानाची स्पर्धा म्हणजे ‘गोल्डन डीमन’. गेम्स वर्कशॉप ही कंपनी तीन मित्रांनी १९७५ मध्ये लंडनमध्ये सुरू केली. आज तिचं ठाणं नॉटिंगहॅमला आहे. ‘वॉरहॅमर’ हा तिचा खेळ १९८३ चा, त्याचं भविष्यकाळातलं रूप १९८७ चं आणि त्याच वर्षी गोल्डन डीमन सुरू झाली. इथे कंपनीच्याच फिगर्स चालतात. एकटी फिगर, तुकडी, वाहन, दोघांचं द्वंद्व, मोकळा वर्ग, असे विभाग असतात आणि कोवळ्या वयाच्या मुलांसाठी स्वतंत्र विभागही असतो. परीक्षक आधी चाळणी लावतात. चाळणीतून उतरलेल्या फिगर्स काचेच्या कपाटात जातात आणि नुसतं त्या कपाटात पोचणं हेही कित्येकांचं कित्येक वर्षांचं स्वप्न असतं. प्रत्येक विभागात सोनं, रुपं आणि काशाच्या रंगातला राक्षसाचा पुतळा मिळतो. सगळ्या सुवर्णविजेत्यांमधून एकाची निवड होते आणि त्याला हातात धरायची खरीखुरी, पूर्ण लांबीची तलवार दिली जाते. तिचं नाव ‘स्लेयर स्वोर्ड’. अंगठ्याएवढ्या फिगरसाठी दोन्ही हातांनी पेलावी लागणारी तलवार! अमेरिकेत शिकागोजवळ ‘क्रिस्टल ब्रश’ नावाची स्पर्धा २०११ मध्ये निघाली होती. तिच्यात सर्वोत्तम कामाला १०,००० डॉलर मिळत. ती पुढे बंद पडली. गोल्डन डीमनची तलवार पैशात मोजता येत नाही, तरी तिचं वजन अधिक आहे.

या स्पर्धेने रंगवण्याची कला कुठल्या कुठे नेली हे मान्य करायलाच हवं. धातूची चित्रमय चमक, मशालीचा उजेड एकाच गालावर पडल्याचा आभास, खांद्यावरच्या कापडावर काढलेलं नाजूक वेलबुट्टीचं काम, हे सगळं त्या कपाटात पोचण्याच्या ईर्षेतून वाढलं. पण पहिला, दुसरा, तिसरा या पद्धतीत एक दोष जन्मजातच असतो. तुमचं काम कुठे उभं आहे हे तुमच्या कामावरून ठरत नाही, त्या दिवशी शेजारी कोण येऊन बसलं यावरून ठरतं. शेजारी जगातले तीन अव्वल हात असतील, तर तुम्ही रिकाम्या हाती घरी जाता. ते आले नसतील, तर त्याच कामाला सोनं मिळतं. दोन्ही वेळा फिगर तीच असते.

यावरचा उतारा शिकागोमध्ये निघाला. तिथल्या मिलिटरी मिनिएचर सोसायटी ऑफ इलिनॉय या मंडळाने जी पद्धत रुजवली तिला ‘ओपन’ किंवा ‘शिकागो’ पद्धत म्हणतात. तिच्यात स्पर्धकाची तुलना स्पर्धकाशी होत नाही. परीक्षकांच्या मनात कामाच्या दर्जाच्या पायऱ्या पक्क्या असतात: गुणवत्ता प्रमाणपत्र, कांस्य, रौप्य, सुवर्ण. तुमचं काम ज्या पायरीचं असेल ते पदक तुमचं. एका वर्षी वीस सुवर्ण दिली जातील, एका वर्षी दोनच. एका स्पर्धकाने मांडलेल्या सगळ्या कामांचा एकत्र विचार होतो, म्हणजे एकाच माणसाने चार पदकं अडवायचा प्रश्न राहत नाही. या पद्धतीचा मोठा पुरस्कर्ता शेपर्ड पेन हा शिकागोचाच. १९४६ मध्ये जन्मलेल्या आणि २०१५ मध्ये वारलेल्या या माणसाने सत्तरच्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या रणगाड्यांच्या खोक्यांत जाणाऱ्या छोट्या पत्रकांमधून देखावे कसे रचावेत हे एका पिढीला शिकवलं. १९८० मध्ये त्याचं डायोरामांवरचं, म्हणजे अशा देखाव्यांवरचं, पुस्तक आलं. बंद पेटीत आतून दिवा लावून केलेले त्याचे देखावे आजही या जगात आदर्श मानले जातात. आपल्याला जमलेलं सगळं दुसऱ्याला सांगून टाकायचं, ही त्याची रीत होती. अशा माणसाने जिच्यात हरणारा कुणी नसतो अशा पद्धतीची बाजू घ्यावी, हे मला अगदी साहजिक वाटतं.

युरोपातल्या बहुतेक मोठ्या प्रदर्शनांनी आज हीच पद्धत उचलली आहे आणि फेल्डहोवनलाही तीच चालते. नवे हात आणि मास्टर असे वर्ग वेगळे असतात. आमच्या मित्राने मास्टर वर्गात नाव घातलं. तिथली मोजपट्टी कडक असते हे ठाऊक असूनच घातलं.

सकाळी नोंदणीच्या टेबलापाशी जे दृश्य असतं ते एखाद्या दवाखान्याच्या बाहेर असावं तसं असतं. सगळे हलक्या आवाजात बोलत असतात, सगळ्यांच्या मांडीवर डबे असतात. फिगर खाली लाकडी ठोकळ्यावर बसवलेली असते आणि ठोकळा डब्याच्या तळाला खालून स्क्रूने आवळलेला असतो, म्हणजे डबा उलटा झाला तरी फिगर हवेतच राहते. विमानाने आलेले लोक तो डबा सामानात टाकत नाहीत, मांडीवर घेऊन येतात. तरीही कुणाचा भाला वाकतो, कुणाची बोटं तुटतात. कोपऱ्यात सुपरग्लू आणि चिमटा घेऊन बसलेली दोन-चार माणसं सगळ्या प्रदर्शनांत सापडतात. एका इटालियन बाईच्या घोडेस्वाराचा लगाम सुटला होता. शेजारच्या अनोळखी जर्मन गृहस्थाने स्वतःचं भिंग डोक्यावर चढवलं आणि तिच्याकडे न बघता हात पुढे केला. तिने काही न बोलता घोडा त्याच्या हातात दिला. ज्याच्याशी स्पर्धाच नाही, त्याच्या हातात माणूस आपलं वर्षभराचं काम देऊ शकतो.

परीक्षकांचा गट दुपारी आला. पहिल्या फेरीत ते थांबतच नाहीत. टेबलापासून दीड-दोन हात अंतरावरून नुसते चालत जातात. त्या अंतरावरून जी फिगर नजर ओढून घेते तिची रचना पक्की, असं मानायचं. तिथे बारीक काम दिसत नाही. दिसतात ते फक्त आकार, रंगांचा मेळ आणि उजेड-सावलीचा जोर. दुसऱ्या फेरीत छोटे टॉर्च निघाले. उजेड तिरका टाकला की रंगाचा खडबडीतपणा, धुळीचा कण, ब्रशचा राहिलेला केस, सगळं उघडं पडतं. आमच्या शिलेदारासमोर त्यांच्यातल्या एका वयस्कर परीक्षकाने टॉर्च विझवला, गुडघे टेकले आणि आपले डोळे फिगरच्या डोळ्यांच्या पातळीला आणले. बराच वेळ तो तसाच होता. आमचा मित्र लांब खांबाआडून पाहत होता. “काही लिहील तेव्हा लिहील,” तो पुटपुटला, “पण बघितलं तरी कुणीतरी.”

ओपन पद्धतीचं खरं बक्षीस निकालानंतर मिळतं. परीक्षकांना गाठून विचारता येतं आणि ते सांगतात. त्या वयस्कर गृहस्थाने शिलेदारापाशी येऊन जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. अंगरखा उत्तम, पगडीची वळणं उत्तम, चेहऱ्यावर उन्हात राहिलेल्या माणसाची त्वचा आहे. पण चेहऱ्यावर ऊन डावीकडून आणि ढालीवर मात्र डोक्यावरून पडतं आहे. एका माणसावर दोन सूर्य उगवलेत. जोडे आणि जमीन एकाच तपकिरी रंगाचे आहेत, त्यामुळे घोट्यापासून खाली माणूस जमिनीत विरून जातो. आणि ती जमीन कुठलीच नाही. “हा माणूस कुठे उभा आहे?” असं त्याने विचारलं. त्याला नाव हवं होतं, गाव हवं होतं, ऋतू हवा होता. पदक कांस्य मिळालं. मित्र मला म्हणाला, “घरचे विचारतील कितवा आलास. त्यांना काय सांगू? कितवा नाहीच इथे कुणी.” ते सांगताना त्याचा चेहरा खुलला होता.

ते ऐकल्यापासून मला आपल्या दिवाळीतल्या किल्ल्यांच्या स्पर्धा आठवत राहिल्या. पोरं शाळेला सुट्टी लागताच विटा, माती, गोणपाट गोळा करतात, हळीव पेरतात, रंगवलेले मावळे मांडतात. महाराजांना सिंहासनावर बसवतात. संध्याकाळी परीक्षक येतात, दोन मिनिटं उभे राहतात, वहीत आकडा लिहून पुढे जातात. तीन किल्ल्यांना बक्षीस, दोन किल्ल्यांना उत्तेजनार्थ आणि बाकीच्या पोरांना काहीच कळत नाही. मंडळांनी एखाद्या वर्षी ओपन पद्धत करून पाहावी. दर्जाच्या पायऱ्या आधी सांगाव्यात: किल्ला ओळखू येतो का, दरवाजा गोमुखी आहे तर तो तटाच्या वळणाआड लपतो का, तटाला जंग्या आहेत का, पाण्याचं टाकं आहे का, बालेकिल्ल्यावर जायची वाट खरंच वर पोचते का. आणि प्रत्येक किल्ल्यापाशी परीक्षकाने दहा मिनिटं बसावं. “तुझ्या राजगडाला तिन्ही माच्या आहेत, पण संजीवनी माचीवर माणूस जाणार कुठून?” असं एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला कुणी विचारलं, तर तो ते जन्मात विसरणार नाही. पुढच्या वर्षी तो वाट काढेल. शक्य आहे की तो त्याआधी खरा राजगड चढून येईल.

फेल्डहोवनचं प्रदर्शन संपल्यावर आमच्या मित्राने शिलेदार कपाटात ठेवला आणि पुढचं काम काढलं: असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३. शिंद्यांच्या कवायती पलटणीतला शिपाई. या पलटणी द ब्वान्य या सॅव्हॉयच्या सेनानीने उभ्या केल्या होत्या आणि असईला पोलमन नावाचा हानोवरचा माणूस त्यांच्यावर होता. इंग्रज बाजूला वेलस्ली, पुढे नेपोलियनला हरवणारा. इंग्लंडमध्ये लढायांचे खेळ खेळणाऱ्यांना ही लढाई फार प्रिय आहे आणि तिचे सैनिक लहान प्रमाणात मिळतातही. पण ते बहुतेक इंग्रजांच्या बाजूने पाहिलेले. याला पलीकडच्या बाजूचा शिपाई करायचा होता.

आणि या वेळी जमीन आधी. त्याने मला विचारलं, भोकरदनकडे कुणी ओळखीचं आहे का. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या दुबेळक्यात ही लढाई झाली. सप्टेंबरच्या शेवटी तिथली माती कशी दिसते, ओली काळी की सुकून फुटलेली, काठावर गवत कितपत वाढलेलं असतं, त्याचा रंग पिवळसर झालेला असतो की अजून हिरवा, हे त्याला हवं होतं. मी भोकरदनच्या एका शिक्षकांना फोन केला. त्यांनी नदीकाठचे फोटो पाठवले आणि वर विचारलं की मातीच पाठवू का पोस्टाने. मी हे मित्राला कळवलं तेव्हा तो खूश झाला, पण त्याने लगेच हिशेबही मांडला. ७५ मिलिमीटरच्या फिगरच्या पायाखाली मातीचा एक मिलिमीटरचा कण पडला, तर तो शिपायाच्या दृष्टीने चोवीस मिलिमीटरचा खडा होतो. तेव्हा माती येऊ दे, पण ती खलबत्त्यात कुटून, मलमलीतून चाळून, पिठासारखी करावी लागेल. आणि त्याआधी तिच्या ओल्या आणि सुक्या अशा दोन्ही रंगांचे नमुने कागदावर लावून ठेवायचे, कारण गोंद लागला की माती काळवंडते आणि मग सप्टेंबरची जमीन जुलैची दिसते.